तिलिस्माची गोष्ट कुणी लिहावी?

कादंबरी कुणी लिहावी, असा प्रश्न मराठीत सहसा कुणाला पडत नाही. ज्याला सुचते तो लिहितो, ज्याला परवडते तो छापतो आणि ज्याला आवडते तो वाचतो. पण काही कादंबऱ्यांची दुनिया लेखक येण्यापूर्वीच तयार असते. किल्ले बांधून झालेले असतात, जादूगारांची नावे ठरलेली असतात, लाखो लोक त्या दुनियेत हिंडून, लढून, मरून, पुन्हा जिवंत होऊन आलेले असतात. त्यानंतर कुणीतरी लेखक शोधायला बाहेर पडतो. व्हिडिओ गेमवर बेतलेल्या अद्भुत कादंबऱ्या या जातीच्या. इंग्रजीत त्यांनी कपाटेच्या कपाटे भरली आहेत. मराठीत हा विषय अजून चर्चेलाही आलेला नाही.

आमच्या मलकापुरातला एक तरुण पुण्यात संगणकाच्या कामाला आहे. रमजानमध्ये घरी आला असताना तरावीहनंतर गप्पा निघाल्या आणि त्याने विचारले, "चाचा, समजा एखाद्या गेमवर मराठीत कादंबरी करायची ठरली, तर लिहायला कुणाला सांगावं? गेम खेळणाऱ्याला, की लिहिणाऱ्याला?" बाजूला बसलेले बुजुर्ग हसले. पोरांचे डोळे आणि अभ्यास बिघडवणारी ही चीज, तिच्यावर पुन्हा कादंबरी कशाला, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रश्न आम्हाला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. एक तर तो दिसतो तितका नवा नाही. दुसरे म्हणजे, त्याच्या उत्तरात आपल्या, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांच्या, हिश्शाचे बरेच काही अडकलेले आहे.

आधी परक्यांचा अनुभव पाहू. १९९८ साली 'बाल्डर्स गेट' नावाचा एक गेम आला. त्यात खेळणारा आपल्या नायकाचे नाव, रूप, पेशा सगळे स्वतः ठरवतो. कुणी तलवारबाज होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. नायक पुरुष की स्त्री हेही खेळणाऱ्याच्या मर्जीवर. १९९९ मध्ये त्यावर फिलिप अथन्स यांची कादंबरी निघाली. कादंबरीत नायक एकच असणार, म्हणून लेखकाने एक धिप्पाड तलवारबाज निवडला आणि त्याचे नाव ठेवले अब्देल एड्रियन. गेमवर जीव असणाऱ्यांना ही कादंबरी रुचली नाही. ज्या सोबत्यांबरोबर त्यांनी रात्री जागवल्या होत्या, ते सोबती पुस्तकात त्यांना ओळखू येईनात. आम्ही मात्र त्या नावापाशी थबकलो. अब्द म्हणजे बंदा आणि 'अब्द-अल' म्हणजे 'अमक्याचा बंदा'. अमका कोण, ते पुढे यावे लागते. रहमान, करीम, कादर. इथे नाव अर्ध्यावर तुटलेले. हा बंदा कुणाचा, हे लेखकाला विचारायचे सुचलेच नाही! आमच्या मोहल्ल्यातल्या सहा वर्षांच्या पोरीनेही ही खोट काढली असती.

याच्या उलट काही ठिकाणी गेमची कथा रचणाऱ्यालाच कादंबरी दिली गेली. 'ड्रॅगन एज' या गेमचे प्रमुख कथालेखक डेव्हिड गेडर यांनीच २००९ मध्ये त्या दुनियेची पहिली कादंबरी लिहिली. त्यात नियम मोडले जाण्याची भीती नव्हती, कारण नियम ज्याचे तोच लिहीत होता. तिसरी वाट 'एल्डर स्क्रोल्स' या गेममालेने धरली. तिच्या मालकांनी ग्रेग कीझ या आधीच नाव असलेल्या अद्भुत कादंबरीकाराला बोलावले. त्याने गेमची कथा पुन्हा सांगितली नाही. त्या दुनियेतला चाळीसएक वर्षांनंतरचा काळ घेतला आणि नवी माणसे उभी केली. म्हणजे घर तेच, बिऱ्हाड नवे. कंपन्यांचा हिशेब या तीन वाटांतच फिरतो: जो वेळेवर लिहून देईल तो, ज्याने दुनिया बांधली तो, किंवा ज्याच्या नावावर पुस्तक खपेल तो.

चौथी वाट आम्हाला अधिक मोलाची वाटते. ती एका अशा गेमच्या बाबतीत घडली की जो आपल्या घरातल्या कहाण्यांवरच उभा आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बनवला. नायकाच्या उड्या खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून चित्रे काढली. त्यातला खलनायक वजीर जाफर. आता अल्फ लैलातला जाफर हा खलीफा हारून रशीदचा सोबती, रात्री वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांत त्याच्यासोबत फिरणारा. इतिहासातला जाफर बर्मकी तर ८०३ साली खलीफाच्याच हुकमाने मारला गेला. त्याला दुष्ट जादूगार केले ते १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटाने. गेमने, आणि १९९२ मध्ये डिस्नेच्या 'अल्लाद्दीन'ने, तीच नक्कल उचलली. मारला गेलेला माणूस मारणारा म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

पण या मेकनरची एक गोष्ट दाद देण्याजोगी आहे. २००८ मध्ये याच गेमवर चित्रकादंबरी काढायची ठरली, तेव्हा लेखनासाठी त्याने ए. बी. सीना या इराणी वंशाच्या कवीची निवड केली. सीनाने गेममधल्या उड्या आणि सापळे कागदावर उतरवले नाहीत. मर्व शहर घेतले, नववे शतक आणि तेरावे शतक अशा दोन काळांतल्या दोन शहजाद्यांच्या कहाण्या एकमेकींत विणल्या. फारसी दास्तानच्या पोटात जसे कहाणीतून कहाणीचे दार उघडते, तशी ती रचना आहे. २०१० मध्ये याच गेमवर हॉलिवूडचा मोठा चित्रपट आला, पण त्यातल्या पर्शियाच्या शहजाद्याला इराणी नट मिळाला नाही. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली. जन्माने इराणी आहे म्हणून कुणी चांगला लेखक होत नाही, हे खरेच. पण ज्याच्या कानावर लहानपणी त्या मातीतली कहाणी पडली आहे त्याला जाफर आणि जाफरची नक्कल यांतला फरक सांगावा लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. 'दास्तान-ए-अमीर हमजा' हा आपल्या मुलखातला सर्वांत मोठा अद्भुत खेळच होता, फक्त तो जिभेवर खेळला जाई. अकबर बादशहाने त्यावर चौदाशेच्या आसपास चित्रे काढवून घेतली, त्याला सुमारे पंधरा वर्षे लागली. आजच्या गेममधली किती साधने त्यात आधीच आहेत पाहा. अमर अय्यारची जंबील, म्हणजे अशी झोळी की जिच्यात काहीही मावते आणि हवे तेव्हा निघते. गेम खेळणाऱ्या पोराला ती लगेच कळते, कारण त्याच्या नायकाकडेही तशीच झोळी असते. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेली दुनिया. ती तोडायची युक्ती 'लौह' नावाच्या पाटीवर लिहिलेली, आणि ती पाटी मिळवण्यासाठी एकामागून एक अडथळे. जादूगार मेला की अंधार होतो, वादळ उठते आणि मेलेल्याचे नाव पुकारणारी आरोळी ऐकू येते. टप्पा पार झाल्याची ही वर्दीच.

ही जिभेवरची दुनिया कागदावर आणायची ठरवली लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने. लेखक कुणाला करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही असणारच. त्यांच्याच 'अवध अखबार'मधून १८७८ पासून पंडित रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आझाद' क्रमशः येऊ लागली होती आणि तिने वाचकांना वेड लावले होते. गाजलेला लेखक हवा होता, तर तो दारातच होता. तरी 'तिलिस्म-ए-होशरुबा' लिहायला छापखान्याने निवडले मुहम्मद हुसेन जाह यांना, म्हणजे एका दास्तानगोला. पहिला खंड १८८३ मध्ये निघाला. चार खंडांनंतर जाह आणि छापखाना यांचे बिनसले. मग पुढचे खंड अहमद हुसेन कमर यांच्याकडे गेले, तेही दास्तानगोच. उर्दूचे जाणकार आजही या दोघांत डावे-उजवे करतात, पण लेखक बदलला म्हणून तिलिस्म कोसळले नाही. आठ हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ पुरा झाला आणि हमजाची सगळी दास्तान पुढे ४६ खंडांपर्यंत गेली.

हे का जमले? आमच्या समजुतीप्रमाणे दोन कारणे आहेत. दास्तानगोला दुनियेचे नियम पाठ असतात. हमजाच्या दास्तानमध्ये जादू ही शत्रूची विद्या. अमीर हमजा स्वतः जादू करीत नाहीत. त्यांच्याकडे इस्म-ए-आजम आहे, पैगंबरांकडून मिळालेल्या भेटी आहेत आणि अय्यारांची अक्कल आहे. आपल्या धर्मात जादू वर्ज्य, म्हणून कथेतही ती नायकाच्या हाती नाही. हा नियम न कळणाऱ्या लेखकाने पहिल्याच प्रकरणात हमजांच्या हातातून आगीचे गोळे फेकवले असते! दुसरे कारण म्हणजे, दास्तानगोने ऐकणाऱ्यांची तोंडे पाहिलेली असतात. कुठे लोक पुढे सरकून बसतात, कुठे जांभई देतात, हे त्याला ठाऊक असते. उहुदच्या मैदानात शहीद झालेले हजरत हमजा वेगळे आणि दास्तानमधले अमीर हमजा वेगळे, हेही सांगणारा आणि ऐकणारा दोघे जाणून असत. धर्म आणि कहाणी यांची गल्लत न करता दोन्हींचा अदब राखणे, ही त्या लेखकांची मोठी कमाई.

लखनौ फार लांब वाटत असेल तर आमच्या पंचक्रोशीत या. वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. तमाशाचा वग कसा उभा राहतो, हे या भागातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. कथेचा सांगाडा ठरलेला, गाणी बांधलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या रचत. सोंगाड्या त्या त्या गावच्या सरपंचाला, पावसाला, उसाच्या भावाला कथेत ओढून आणी. म्हणजे वग हाही अर्धा खेळच. तो रोज रात्री वेगळा होई. तोच वग छापून काढला की सांगाडा उरतो आणि जीव निघून जातो. 'बाल्डर्स गेट'च्या वाचकांची तक्रार आमच्या एखाद्या वगप्रेमी म्हाताऱ्याला एका वाक्यात समजली असती. आणि या परंपरेच्या पायाशी सगनभाऊंसारखा मुसलमान शाहीर उभा आहे, हे या अंकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

लेखकाची निवड नेमकी पडली की काय होते, याचा दाखलाही आमच्याच जिल्ह्यात आहे. मराठीत अरबी गोष्टी आल्या त्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'मुळे, तेही इंग्रजीच्या वाटेने. त्या गोड होत्या, घरोघर वाचल्या गेल्या. पुढे १९७६-७७ मध्ये बर्टनची सोळा खंडांची 'अरेबियन नाइट्स' मराठीत आणली ती गौरी देशपांडे यांनी. फलटणजवळच्या विंचुर्णीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्याच या लेखिका. स्त्रीच्या मनाचा ठाव घेणारी कादंबरीकार. तिच्या हाती शहरजाद आली. रोज रात्री जीव वाचवण्यासाठी गोष्ट सांगणारी बाई एका बाईच्या मराठीत बोलू लागली. त्या मुसलमान नव्हत्या, अरबस्तानच्या नव्हत्या. पण गोष्ट कशासाठी सांगितली जाते आहे, हे त्यांना आतून कळत होते.

आणखी मागे जाऊ. मलकापूरला लागून असलेल्या कराडात जुम्मा मशिदीचे दोन उंच मनोरे आहेत. ते ज्या आदिलशाहीत उभे राहिले, तिच्याच राजधानीत, विजापुरात, पुढे खदीजा सुलताना नावाची बेगम होती. तिने कमाल खान रुस्तमी या कवीकडून 'खावरनामा' हे अद्भुत काव्य करवून घेतले. ते १६४९ मध्ये पुरे झाले. हजरत अलींच्या नावाने रचलेल्या या काल्पनिक मोहिमांचे मूळ फारसीत, पंधराव्या शतकातल्या इब्न हुसामचे. दरबारात फारसीचा मान मोठा असताना बेगमने हे काव्य दखनीत मागितले. ज्या बोलीत आजही आपल्या सातारा-सांगलीच्या घरांत आई मुलाला हाक मारते, त्या बोलीच्या आजीला. लेखक निवडताना बेगमने आधी भाषा निवडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आमचे खरे दुखणे सांगतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांना संपादक आठवण काढतात, नाही असे नाही. पण ती कशासाठी? तलाकवर लिहा. दंगलीवर लिहा. बुरख्यावर लिहा. 'तुमच्या समाजातलं काहीतरी' द्या. आमच्याकडेही एका दिवाळी अंकाने कथा मागितली होती. आम्ही जिन्नांच्या बाजाराची एक गोष्ट पाठवली, तर ती परत आली. सोबत निरोप, 'वास्तव अनुभव पाठवा.' वास्तव आम्ही लिहिलेच आहे आणि लिहूच. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपल्या लेखकांनी आपले जगणे मराठीत मांडले, त्याशिवाय आपला आवाज कुणी ऐकलाच नसता. पण जखमेखेरीज आपल्याकडे काहीच नाही का? आपल्या नानी-दादी चुलीपुढे बसून ज्या कहाण्या सांगत, त्यांत परी होती, देव होता, बोलणारा पोपट होता, हातिमताईचे सात सवाल होते. तो वारसा आपण स्वतःच अडगळीत टाकला आणि जगाने तो उचलून विकायला मांडला.

तो कसा विकला जातो तेही पाहा. आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईलवर खेळता खेळता विचारतो, "इफ्रित बोले तो कौन, चाचा?" त्याच्या लेखी इफ्रित म्हणजे जपानी गेममधला आगीचा राक्षस. 'फायनल फँटसी' या गेममालेत तो १९९० पासून आहे. कुरआन शरीफच्या सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान यांच्या दरबारातल्या इफ्रिताचा उल्लेख आहे, हे ऐकून पोरगा मोबाईल बाजूला ठेवून बसला. त्याच गेममध्ये बहामूत नावाचा ड्रॅगन आहे. कझवीनीसारख्यांच्या जुन्या अरबी ग्रंथांत बहामूत म्हणजे पृथ्वीच्या तळाशी असलेला अजस्र मासा. अमेरिकेत १९७० च्या दशकात एका खेळात त्याचा ड्रॅगन झाला, तिथून तो जपानला गेला आणि आता मलकापुरात परतला, पंख फुटून! माशाला पंख फुटल्याचे आम्हाला दुःख नाही. कहाण्या अशाच देशोदेशी फिरतात आणि रूप पालटतात. दुःख याचे, की त्याचे मूळ घर सांगणारा लेखक मराठीत उभा राहिलेला नाही.

मग हा लेखक मुसलमानच हवा का? तसा हट्ट आम्ही धरणार नाही. नवलकिशोर मुन्शी हिंदू होते आणि हमजाची दास्तान त्यांनी जगवली. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचे लेखन राही मासूम रझा यांनी केले. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारे ते संवाद गाजीपूरच्या एका मुसलमानाचे होते. रझा यांची निवड झाली तेव्हा काहींनी नाके मुरडली. पण त्यांना महाभारत ठाऊक होते, भाषेचा कस ठाऊक होता आणि घराघरांतला ऐकणारा ठाऊक होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. सर्कशीत काम करणारी एक मुलगी महाबलासुराने पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि तिची गोष्ट दुर्गा व विष्णू आपसांत बोलत सांगतात. उद्या त्यावर मराठी कादंबरी करायची झाली, तर ती एखाद्या मुसलमान लेखिकेने का लिहू नये? भावासाठी जीव टाकणारी बहीण तिला परकी नाही. तिने दुर्गेची गोष्ट तितक्याच अदबीने शिकून घ्यावी, जितक्या अदबीने हमजाची गोष्ट लिहिणाऱ्या हिंदू लेखकाने ती शिकावी, अशी आमची अपेक्षा राहील.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही जे उत्तर दिले ते असे. नुसता खेळणारा नको आणि नुसता नावाजलेला लिहिणाराही नको. ज्याला त्या दुनियेचे नियम हमजाच्या जादूच्या नियमाइतके पक्के ठाऊक आहेत, तो बघ. ज्याला त्यातल्या शब्दांची घरे ठाऊक आहेत, जो अब्दच्या पुढे नाव जोडल्याशिवाय राहणार नाही, तो बघ. आणि ज्याने कधीतरी चार पोरांना समोर बसवून गोष्ट सांगितली आहे आणि 'मग काय झालं?' हा प्रश्न झेलला आहे, तो बघ. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी माणसे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. काही तर लिहायलाही येत नाही म्हणून गप्प बसलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत.

त्यांना गाठण्याचे काम मात्र आपले. या वार्षिकाच्या संपादकांना आमची विनंती आहे की पुढच्या अंकापासून निदान एक दास्तान छापावी. दखनीत ऐकलेली, मराठीत लिहिलेली. लिहिणाऱ्यांनी आपल्या घरातल्या थोरल्यांकडून एकेक कहाणी, सांगणारीच्या बोलीसकट, उतरवून आणावी. पोरांच्या मोबाईलमध्ये शिरलेले इफ्रित आणि बहामूत कुठून आले, ते त्यांना त्यांच्याच भाषेत वाचायला मिळू द्यावे. उद्या एखाद्या कंपनीने मराठीत लेखक शोधायला सुरुवात केली, तर तिला आपली दारे ठोठावण्यासारखी वाटली पाहिजेत. आणि ती आलीच नाही तरी बिघडत नाही. तिलिस्म आपले आहे, ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.